मदत हवी आहे: वर्ड, रायटर आणि गूगल डॉक्समध्ये एकच फाइल फिरवताना मांडणी टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाचं एका पुस्तिकेचं काम चालू आहे. मजकूर मराठी, अधूनमधून इंग्रजी संज्ञा, भरपूर तक्ते आणि तळटिपा. लेखिका मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरतात, मी लिनक्सवर लिबरऑफिस रायटर वापरतो आणि मुद्रितशोधन करणारे काका गूगल डॉक्समध्ये काम करतात. कोणालाही प्रोग्रॅम बदलायला लावणं शक्य नाही.

फाइल एकाकडून दुसऱ्याकडे गेली की पुढचे घोळ होतात:

शीर्षकातला इंग्रजी शब्द ठळक राहतो, पण त्याला लागून असलेले मराठी शब्द साधे होतात. इंग्रजी अक्षरं १२ची आणि मराठी १०ची दिसतात. पानाच्या तळाशी मावणारा तक्ता पुढच्या पानावर उडी मारतो, मग त्यामागची सगळी पानं सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते. तक्त्याशेजारची आकृती तर कधी कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

पीडीएफ सुचवू नका, कारण दुरुस्त्या अजून चालू आहेत. .डॉकएक्स, .ओडीटी की .आरटीएफ? का अडचण भलतीकडेच आहे? लेखिकेने मांडणीवर मनापासून मेहनत घेतली आहे. दर फेरीत ती विस्कटलेली बघून वाईट वाटतं.

शाईदौत:
तिघांनी मिळून गूगल डॉक्समध्येच लिहा, प्रश्न मिटेल.

धागाकर्ता:
सुचवून पाहिलं होतं. लेखिकेकडे इंटरनेट सतत नसतं आणि इतक्या तळटिपा, तक्ते त्यांना वर्डमध्येच सोयीचे पडतात.

काना_मात्रा:
अडचण खरंच भलतीकडे आहे. .डॉकएक्स किंवा .ओडीटीमध्ये ओळ कुठे तुटते, पान कुठे संपतं हे साठवलेलं नसतं. मजकूर, फॉन्टचं नाव, आकार, समास एवढंच असतं आणि ओळी-पानांचा हिशेब प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना नव्याने करतो. म्हणून आधी फॉन्ट तपासा. मंगल हा विंडोजवरचा देवनागरी फॉन्ट, तुमच्या लिनक्सवर बहुधा नसेल. मग रायटर त्याच्या जागी लोहित, नोटो असा जो हाताशी असेल तो लावतो. त्याची उंची-रुंदी वेगळी, की पानं सरकलीच. इंग्रजीसाठी निदान जुळे फॉन्ट आहेत: कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, केंब्रियाच्या मापाचा कॅलाडिया, टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ. मंगलसाठी तसं काही माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा तिघांकडे मिळेल असा मुक्त परवान्याचा एक देवनागरी फॉन्ट ठरवा. नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता चालेल. दोन्ही फुकट उतरवता येतात आणि गूगल डॉक्सच्या फॉन्टयादीत ‘मोअर फॉन्ट्स’मध्ये शोधता येतात.

आता ठळक-साध्याचं. हे मराठीवाल्यांना हमखास छळतं. वर्ड आणि रायटर दोघंही एकाच मजकुरासाठी दोन वेगळ्या नोंदी ठेवतात, एक रोमन लिपीसाठी आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. देवनागरी दुसऱ्या खात्यात येते. खात्री करायची असेल तर .डॉकएक्सच्या एका प्रतीचं नाव बदलून .झिप करा, उघडा आणि ‘वर्ड’ फोल्डरमधली ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल पाहा. आकारासाठी ‘एसझेड’ आणि ‘एसझेडसीएस’ अशा दोन खुणा दिसतील. माप अर्ध्या पॉइंटात असतं, म्हणजे १२ पॉइंटला २४. पहिली खूण २४ आणि दुसरी गायब असेल, तर इंग्रजी १२चं आणि मराठी मूळ ठरलेल्या मापाचं. ठळकपणाच्याही अशाच दोन खुणा असतात.

उपाय स्टाइलमध्ये, म्हणजे शीर्षक, परिच्छेद वगैरेंसाठी नाव देऊन साठवलेल्या मांडणीत करायचा. वर्डमध्ये ‘मॉडिफाय स्टाइल’मधून फॉन्टची चौकट उघडा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा फॉन्ट, ठळकपणा, आकार वेगळे भरा. रायटरमध्ये आधी ऑप्शन्समधल्या भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण करा, मग स्टाइलमध्ये देवनागरीची वेगळी जागा दिसेल. तिथेच भाषाही मराठी करा. हिंदी राहिली तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात.

टिंबटिंब:
वरच्या प्रतिसादाला जोड. ओळींमधलं अंतर ‘सिंगल’ न ठेवता पक्कं करा. वर्डमध्ये ‘एक्झॅक्टली’, रायटरमध्ये ‘फिक्स्ड’. मग फॉन्टच्या उंचीत फरक पडला तरी ओळ तेवढीच राहते. फार आवळू नका, वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात.

आकृत्या ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. रायटरमध्ये ‘अँकर ॲज कॅरॅक्टर’. तरंगत्या आकृत्या आणि टेक्स्ट बॉक्स प्रोग्रॅम बदलला की हमखास हलतात. नवं पान एंटर दाबून आणू नका, पेज ब्रेक द्या. आणि तिघांकडे कागद ए४च आहे ना, तेही बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! एक प्रकरण घेऊन करून पाहिलं. लेखिकेच्या फाइलमध्ये शीर्षकांना स्टाइल होती, पण कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा रकाना रिकामाच होता. तो भरला आणि मंगलऐवजी नोटो सेरिफ देवनागरी लावला. आता शीर्षकं माझ्याकडे जशीच्या तशी येतात आणि तक्ताही पानावर राहतो.

आता एकच उरलं. काकांच्या दुरुस्त्या खुणांसकट लेखिकेला दिसायला हव्यात, कारण प्रत्येक बदल त्या स्वतः वाचून मान्य करतात. त्यासाठी फॉरमॅट कोणता?

काना_मात्रा:
.डॉकएक्स. .ओडीटीच्या मुळाशी असलेलं ओडीएफ २००६ साली आणि डॉकएक्सच्या मुळाशी असलेलं ऑफिस ओपन एक्सएमएल २००८ साली आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, त्यामुळे मानकाच्या नावावर निवड करायची गरज नाही. .आरटीएफ सोडून द्या, मायक्रोसॉफ्टने त्याचा विस्तार २००८नंतर थांबवला. तुमच्या तिघांत दोघांकडे डॉकएक्सच सोयीचं आहे आणि रायटरही ‘ट्रॅक चेंजेस’च्या खुणा व टिपा त्यात वाचतो, लिहितो.

काकांना सांगा, फाइल ड्राइव्हवर चढवल्यावर तिचं गूगल डॉक्स रूपांतर करू नका, .डॉकएक्स म्हणूनच उघडा आणि ‘सजेस्टिंग’मध्ये काम करा. वर्डमध्ये त्या सूचना ट्रॅक चेंजेस म्हणून दिसतात. तुम्ही मध्येच .ओडीटी करून परत .डॉकएक्स करू नका, दर रूपांतरात काहीतरी गळतं. अनुक्रमणिका मात्र सगळ्या दुरुस्त्या मान्य झाल्यावर एकदाच, लेखिकेच्या वर्डमध्ये अपडेट करा आणि छपाईची पीडीएफ त्याच संगणकावरून काढा.