यंत्र कुणाला काढत नाही, पण नवीन कुणाला घेऊही देत नाही: गोव्यातल्या पहिल्या नोकरीचं काय?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

मी फोंड्यात बी.कॉम.च्या मुलांना अकाउंट्स शिकवतो. आमच्या मुलांच्या पहिल्या नोकऱ्या साधारण ठरलेल्या असायच्या. कुणी पणजीत सीएच्या ऑफिसात व्हाउचर टाकायला, कुणी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात रिझर्व्हेशनला, कुणी कुंडईच्या नाहीतर वेर्ण्याच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये. पगार बेताचा, पण दोनेक वर्षांत पोर तयार व्हायचं. चूक कुठे होते, पार्टीशी कसं बोलायचं, साहेब नसताना निर्णय कसा घ्यायचा, हे तिथेच कळायचं.

नेमकी हीच कामं आता सॉफ्टवेअर उचलतंय. बिलाचा फोटो काढला की नोंद होते, जीएसटीचा ताळमेळ आपोआप लागतो, पाहुण्याच्या चौकशीला चॅटबॉट उत्तर देतो.

माणसं काढली की बातमी होते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जण कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. (कंपनीने कारण एआय नव्हे, कौशल्यांचा मेळ बसत नाही असं दिलं होतं.) पण एखादा क्लार्क निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कायद्याचंही तेच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार कपात केली तर मालकाने दर कामगारामागे १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आहे. ही तरतूद चांगली आहे, पण ज्याला कधी घेतलंच नाही त्याला तिचा उपयोग नाही.

मला वाटतं, उपाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. यातली अडीच टक्क्यांची खालची मर्यादा वाढवा. जे काम यंत्राकडे गेलं, त्याच कामाची तपासणी या मुलांकडे द्या. ज्याने स्वतः कधी ताळेबंद जुळवला नाही, तो यंत्राने जुळवलेल्यातली चूक कशी पकडणार?

किनारी

अंत्रुजकर बाब, माझं मांद्र्यात छोटं गेस्टहाऊस आहे. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, पावसात खोल्या रिकाम्या. रात्री एक वाजता रशियन पाहुणा विचारतो, विमानतळावरून टॅक्सी मिळेल का. पूर्वी तो मेसेज सकाळी वाचायचो, तोवर बुकिंग दुसरीकडे गेलेलं असायचं. आता उत्तर लगेच जातं, तेही त्याच्या भाषेत.

यात मी कुणाची नोकरी खाल्ली? रात्रपाळीला माणूस मी ठेवलाच नव्हता, परवडतच नव्हता. हंगामासाठी माणूस शोधला तर स्थानिक मुलं येत नाहीत, घरच्यांना त्यांच्यासाठी सरकारी नोकरी हवी असते. माझा स्वयंपाकी ओडिशाचा, रूमबॉय नेपाळचा. मोठ्या हॉटेलांसमोर टिकायला हे एकच हत्यार माझ्यासारख्याला स्वस्तात मिळालंय. ते हातून काढून घेऊ नका.

अंत्रुजकर

किनारी बाब, तुमचं हत्यार कुणी काढत नाही. ३० माणसांच्या खालच्यांबद्दल मी बोलतच नाहीये. फक्त एक सांभाळा. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने तिकिटाच्या सवलतीबद्दल प्रवाशाला चुकीचं सांगितलं, आणि २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. बॉट जे सांगेल ते तुम्ही सांगितल्यासारखंच धरलं जाईल.

निवृत्त कॅशियर

बँकांत संगणक आले तेव्हाही असंच वातावरण होतं. १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला. आमच्या संघटनेने विरोध केला, आणि विरोध केला म्हणूनच अटी घालता आल्या: कुणाला काढायचं नाही, प्रशिक्षण द्यायचं. पुढे शाखा वाढल्या, कामं बदलली. खातं म्हापशाचं असलं तरी पैसे मडगावात काढता यायला लागले, हे आधी शक्य नव्हतं. लेजर टॅली होईपर्यंत रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बसायचो आम्ही. ते काम परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. यंत्र थांबवण्यात शक्ती घालवू नये, अटी मिळवण्यात घालवावी.

सत्तरीची लेक

काका, आदर ठेवून सांगते, तुमची गोष्ट अर्धी आहे. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. त्या जागा तशाच भरल्या गेल्या नाहीत, क्लार्कची भरती कितीतरी वर्षं जवळजवळ थंडावली. आत होते त्यांना संघटनेने सांभाळलं. बाहेर उभे होते त्यांच्या वतीने करारावर सही करायला कुणीच नव्हतं. माझा मोठा भाऊ त्याच काळात बँकेच्या परीक्षांची तयारी करत बसला होता.

आणि आजच्या हॉटेल डेस्कवर तर संघटनाही नाही. अटी घालणार कोण?

वेर्णा शिफ्ट

औषध कारखान्यात आहे, म्हणून तिथलं सांगतो. इंजेक्शनच्या कुप्या काळ्या-पांढऱ्या पडद्यासमोर धरून आत कण आहे का हे डोळ्यांनी बघायचं, हे काम करून बघा. थोड्याच वेळात डोळे जड होतात, म्हणून ठरावीक वेळाने विश्रांती द्यावीच लागते. आता कॅमेऱ्याचं यंत्र ते करतं, आणि थकत नाही. बॅच रेकॉर्डवर सही मात्र माणसाचीच लागते. मला यंत्र हवंच आहे.

पण आमच्या लाइनवर ज्या मुली होत्या त्या कंत्राटदाराच्या. यंत्र आल्यावर कुणी त्यांना ‘काढलं’ नाही. कंत्राटाची मुदत संपली आणि पुढच्या यादीत नावं आली नाहीत. कागदावर कपात शून्य. अंत्रुजकरांनी मांडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, फक्त ते पहिल्या नोकरीपुरतं नाही. तिशीतल्या, घर चालवणाऱ्या बायका होत्या त्या.

पाळीवाला

मी खाणपट्ट्यातला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद. तिथे यंत्राचा संबंध नव्हता, पण एक शिकलो. ट्रकवाल्यांचा आवाज होता, त्यांच्यासाठी योजना निघाल्या. गॅरेजवाला, टायरवाला, नाक्यावर चहा विकणारी, यांची मोजदादही झाली नाही.

म्हणून अंत्रुजकर बाब, तुमच्या उपायाला माझा विरोध आहे. शिकाऊंची टक्केवारी वाढवली की कंपन्या खुशीत घेतील, कारण विद्यावेतन पगारापेक्षा कमी. एक तुकडी वर्षभर वापरायची, सोडायची, दुसरी आणायची. यंत्र आणि शिकाऊ दोन्ही मिळून कायम नोकरी संपवतील. त्यापेक्षा वेर्णा शिफ्ट सांगतोय त्या कंत्राटी माणसाला आधी कायद्यात आणा.

किनारी

मोठ्यांनाही शेवटी माणूस लागतोच. क्लार्ना ही स्वीडिश कंपनी २०२४ मध्ये म्हणाली, आमचा चॅटबॉट ७०० जणांचं काम करतो. २०२५ मध्ये ग्राहकांसाठी पुन्हा माणसं घ्यायला लागली.

सत्तरीची लेक

घ्यायला लागली, पण जुन्याच माणसांना आणि जुन्याच अटींवर का? तेवढं विचारायला हवं.

अंत्रुजकर

पाळीवाला, तुमची हरकत खरी आहे आणि नुसत्या टक्केवारीने ती सुटत नाही. मग मागणी अशी करू: प्रत्येक मोठ्या आस्थापनाने दरवर्षी तीन आकडे जाहीर करावेत. शिकाऊ किती घेतले, त्यांतले कायम किती केले, आणि कंत्राटी माणसं आधीच्या वर्षीपेक्षा किती कमी झाली. तिसऱ्या आकड्यात वेर्ण्याच्या त्या बायका दिसतील. ज्याचे शिकाऊ दरवर्षी नवे आणि कायम कुणीच नाही, त्याच्या सरकारी सवलती थांबवाव्यात.

पाळीवाला

आकडे द्यायला कंपन्या राजी होतील असं मला वाटत नाही, आणि सवलती थांबवायला सरकार तर त्याहून नाही. शिकाऊंबद्दलचा विरोध कायम. पण तिसरा आकडा मागायला मी तुमच्याबरोबर आहे. मसुदा लिहून पाठवा, आमच्या ग्रामसभेत मांडतो. वेर्णा शिफ्ट, तुमच्या गावातही मांडाल का?