करारात ‘कंत्राटदार’ लिहिलं की मालक मोकळा?

प्रश्न: रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या माणसाकडून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा करार सही करून घेतला, तर रजा-विम्याची जबाबदारी टळते का?

उत्तर १: सहसा नाही. बहुतेक ठिकाणी न्यायालय कागदावरचं नाव सोडून प्रत्यक्ष व्यवहार बघतं. कामाची वेळ आणि पद्धत कोण ठरवतं? साधनं कोणाची? बदली माणूस पाठवता येतो का? नफा-तोटा कोणाच्या अंगावर? सगळी सूत्रं मालकाकडे असतील तर काम करणारा कर्मचारीच, आणि थकबाकी मागच्या तारखेपासून निघू शकते.

उत्तर २: एकच मुद्दा मात्र निर्णायक नसतो. घरून, स्वतःच्या संगणकावर काम करणाराही कर्मचारी ठरू शकतो.

उत्तर ३: हजेरीचे मेसेज, सूचनांचे ईमेल, पैसे जमा झाल्याच्या नोंदी पुरावा म्हणून जपा. दाव्याची मुदत आधी तपासा; ती कधीकधी काही महिन्यांचीच असते.