मदत हवी आहे: बॉम्बच्या भंगाराचे चमचे जेवायला चालतील का?

गेल्या महिन्यात आम्ही लाओसला जाऊन आलो. फोनसावानजवळ बान नापिया नावाचं गाव आहे, तिथे युद्धातल्या भंगाराचे चमचे ओततात. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातलं ॲल्युमिनियम अजून संपलेलं नाही. मातीच्या भट्टीत धातू वितळवायचा, लाकडी चौकटीतल्या राखेच्या साच्यात पळीने ओतायचा. मिनिटभरात चमचा तयार! मी सहा चमचे आणि लेकीला एक कडं घेतलं.

आता अडचण. हौसेने एक चमचा चिंचेच्या सारात घातला, तर तासाभरात काळपट पडला. आई म्हणते, कल्हई करून आण. पण कल्हई तांब्या-पितळेला, ॲल्युमिनियमवर ती सहजी धरत नाही ना? मुळात यात शिसं वगैरे मिसळलेलं असेल का? धातुशास्त्रातलं कुणी असेल तर सांगा. मुंबई-ठाण्यात एखादा चमचा तपासून देणारी लॅब आहे का, साधारण खर्च किती येतो?

दुसरं, मैत्रीण डिसेंबरला तिकडे चाललीये, तिला आणखी मागवू का? गावाला पैसे मिळतात हे खरं, पण तिथे न फुटलेले बॉम्ब अजून शेतात आहेत, आणि भंगार वेचताना माणसं दगावलीत. माझं मन काही ठरत नाहीये. कुणी तिथून घेतलं असेल तर तुम्ही काय विचार केलात?

(‘शोकेसमध्ये ठेवा’ हे नवऱ्याने सांगून झालंय.)