अपघातात गाडी टोटल लॉस झाली; मिळालेल्या रकमेत भरवशाची जुनी गाडी कशी निवडावी?

चाकोरी (धागाकर्ता)

विमा कंपनीने आमची गाडी टोटल लॉस (दुरुस्ती परवडण्यापलीकडची) धरली. त्या रकमेत नवी गाडी बसत नाही, म्हणून जुनीच घ्यायची आहे. रोज जाऊन-येऊन २० किमी, सगळं शहरातलं, शिवाय महिन्याकाठी एखादा लांबचा पल्ला. सोबत तीन वर्षांचं मूल असतं.

चाळून-चाळून दोन गाड्या उरल्यात, किंमत जवळपास सारखीच.

अ: ११ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, १,०५,००० किमी, एकच मालक, सर्व्हिसिंगची बिलं जपलेली.
ब: ६ वर्षांची डिझेल सेदान, ऑटोमॅटिक, ६२,००० किमी, तिसरा मालक. "पुढून थोडी लागली होती, सगळं नवीन टाकलंय," असं विक्रेता सांगतो.

कागदावर ब सरस दिसते. ठोकलेली गाडी तपासून घेता येते, की त्या वाटेला जाऊच नये? आणि हाती आलेली सगळी रक्कम गाडीतच घालावी का?

---

पान्हा_१४

सगळी रक्कम घालू नका. निदान पाचवा हिस्सा मागे ठेवा, कारण जुनी गाडी दारात आल्यावर लगेच पैसे मागते. बिलं असली तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल पहिल्या आठवड्यात बदलून टाका. ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि नेमकं तेच काम बहुतेकांकडून राहून गेलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन तडे गेले असतील, तर चार टायरांचा खर्च धरूनच भाव करा.

आता ब बद्दल. ठोकलेली आहे हा मुद्दा क्षणभर सोडा. रोज दहा-दहा किलोमीटरच्या दोन फेऱ्यांसाठी डिझेल मुळात चुकीचं. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला तिथे साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. शहरातल्या छोट्या फेरीत ते गाठलंच जात नाही. मग गाडी जास्तीचं डिझेल सोडून तापमान वाढवायला बघते, तुम्ही मध्येच इंजिन बंद करता, आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली दिसली, तर कारण बहुधा हेच. पातळ झालेलं ऑइल आधी टर्बोच्या बेअरिंगला मारतं. सहा वर्षांत तिसरा मालक का आला, याचं उत्तर इथेही असू शकतं.

अ मध्ये मला एकच मोठी शंका आहे: टायमिंग बेल्ट आहे की चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा की साखळी)? बेल्ट असेल तर त्याला किलोमीटरची आणि वर्षांची, दोन्ही मर्यादा असतात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा वरचा भाग (हेड) उतरवायची वेळ येते. "बदललाय" हे तोंडी चालत नाही, बिल हवं, आणि त्यावर टेन्शनर नि आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुल्या) हेही दिसले पाहिजेत. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबत बदललेला बरा. नाहीतर पंप गळायला लागला की तेवढ्यासाठी सगळं परत खोलायचं.

---

पत्रा_आणि_रंग

ठोकलेली प्रत्येक गाडी वाईट नसते. बंपर, बोनेट, फेंडर, दिवे, रेडिएटर हे नटबोल्टवर बसणारे भाग. ते बदलले तर गाडीचं काही बिघडत नाही. चेसिसचे पुढचे दांडे, अॅप्रन (बोनेटखाली चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा), शॉकअपचा वरचा बुरुज, पिलर (छत पेलणारे खांब) आणि फ्लोअर यांना धक्का बसला असेल तर विषय संपला. पिलरमध्ये अतिकठीण पोलाद वापरलेलं असतं. ते तापवून सरळ केलं की दिसायला सरळ होतं, ताकद मात्र गेलेली असते.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळवा. पहिलं रीडिंग छतावर घ्या, कारण छत सहसा रंगवलेलं नसतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. एखाद्या भागावर २५० ते ३०० आलं तर तो परत रंगवलाय, ५०० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. फेंडरवर ३०० आलं म्हणून घाबरू नका. पण पिलरवर किंवा दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला आलं तर गाडी तिथेच सोडा, तिथे कुणी हौसेने रंग देत नाही. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर साधं यंत्र चालत नाही.

मग बोनेट उघडा. बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्ह्याने खरवडला असेल तर भाग उतरवला होता. पुढच्या पट्टीवर आणि अॅप्रनवर कारखान्याचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतराने असतात. त्याऐवजी ग्राइंडर फिरवलेला सपाट पत्रा किंवा बोटाने फासल्यासारखं सीलंट दिसलं, तर तो तुकडा कापून जोडलेला आहे. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा चकचकीत असणं हीसुद्धा खूणच.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे दुरुस्तीच्या आधीचे फोटो. क्लेम झाला असेल तर ते कुठेतरी असतात. "थोडी लागली होती" म्हणणाऱ्याकडे फोटो नसतील, तर मी 'थोडी' हा शब्द धरणार नाही.

---

मागची_सीट

अ ला डोळे मिटून हो म्हणण्याआधी दोन गोष्टी बघा. अकरा वर्षांच्या छोट्या गाडीत ईएससी (गाडी घसरू लागली तर आपोआप सावरणारी यंत्रणा) आणि कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर उघडणाऱ्या) असतीलच असं नाही. देशागणिक नियम वेगळे. युरोपीय संघात सगळ्या नव्या गाड्यांना ईएससी नोव्हेंबर २०१४ पासून सक्तीचं झालं, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून. क्रॅश टेस्टचे नुसते तारे बघून गाड्यांची तुलना करू नका. चाचण्या दर काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मागच्या सीटच्या खाचेत हात घालून स्वतः तपासा.

आणि मुलाची जुनी सीट नव्या गाडीत नेऊ नका. गाडी टोटल लॉस होण्याइतका धक्का बसला असेल तर ती सीट बाद धरायची, वरून तडा दिसो न दिसो. तिची किंमत क्लेममध्ये धरता येते का, हे विमा कंपनीला विचारा. रक्कम अजून मान्य केली नसेल तर त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या आणि तितक्याच किलोमीटरच्या गाड्यांच्या जाहिराती, शिवाय अलीकडच्या टायर-बॅटरीची बिलं जोडून फेरविचार मागता येतो.

---

चाकोरी (धागाकर्ता)

ब वर मेकॅनिककडून स्कॅनर लावून घेतला. फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) एकही नाही, पण गाडी स्वतःच्या करते त्यातल्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. विक्रेता म्हणतो, बॅटरी काढली होती. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतच नाही. हे चांगलंच ना?

---

पान्हा_१४

नाही, उलट आहे. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. लागतच नसेल तर दिवा काढून टाकलाय, किंवा दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडलाय, किंवा मीटरच बिघडलाय. बॅटरी काढल्याने असं होत नाही.

'अपूर्ण' चाचण्यांचं कारण मात्र बॅटरी असू शकते. कोड पुसले तरी चाचण्या शून्यावर येतात, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढल्यावरही. म्हणून स्कॅनरमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' आणि 'कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं' हे दोन आकडे बघा. अंतर दहा-वीस किलोमीटरच असेल, तर गाडी दाखवण्यापूर्वी सफाई झाली आहे असं समजा. दोन-तीन दिवस शहर आणि हायवे मिळून चालवल्यावर परत स्कॅन करू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर त्यातून काय ते कळतंच.

---

पत्रा_आणि_रंग

एअरबॅगचं थोडं पुढे नेतो. साधा स्कॅनर इंजिनापुरताच असतो. एअरबॅगचं मॉड्यूल (ती सांभाळणारा कॉम्प्युटर) वाचणारा वेगळा लागतो. उघडलेल्या बॅगच्या जागी नुसतं झाकण बसवून आत रेझिस्टर जोडला की मॉड्यूलही फसतं. म्हणून डोळ्यांनी बघा: डॅशबोर्डचं कव्हर आणि स्टिअरिंगचं मधलं झाकण यांचा पोत बाकीच्या प्लॅस्टिकशी जुळतो का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याला लाटा पडल्या असतील, किंवा खांद्याजवळच्या कडीवर प्लॅस्टिक वितळल्याचा डाग असेल, तर पट्ट्याने मोठा झटका खाल्लाय. धडकेत पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर एकदाच उडतो, नंतर बदलावाच लागतो. बेल्टच्या लेबलवरची तारीख गाडीच्या निर्मितीनंतरची निघाली तर बेल्ट बदललाय, आणि तो का बदलला हे विचारायला हवं. पूर्ण ओढलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली.

---

चाकोरी (धागाकर्ता)

ब सोडली. अ उद्या सकाळी बघायला जातोय. काय क्रमाने बघू?

---

पान्हा_१४

इंजिन गरम करून ठेवू नका, असं मालकाला आधीच सांगा. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर नंतर परत या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या पाच सेकंदांत जेवढं कळतं तेवढं नंतरच्या तासाभरात कळत नाही. सुरुवातीला खडखड होऊन थांबली तर चेन सैल किंवा ऑइलचा दाब उशिरा येतोय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय. कूलंटची टाकी सुरू करण्याआधीच उघडून बघा. वर तेलकट तवंग नको. तापल्यावर ते झाकण उघडू नका.

चालवताना एसी चालू ठेवा आणि रेडिओ बंद. चौथ्या गेअरमध्ये कमी वेगावर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा: आरपीएम चढले आणि वेग तसा वाढला नाही, तर क्लच स्लिप होतोय. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टकटक आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय. ६० च्या वर घूंऽऽ असा आवाज असेल आणि वळणावर तो कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दाखवते. किमान अर्धा तास चालवा, म्हणजे रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होताना दिसेल.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. कागदावरचा आणि पत्र्यावर ठोकलेला जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. दिसली तर गडबड आहे.

शेवटी व्हील अलाइनमेंटला नेऊन छापील कागद घ्या, अ ला कधी लागलेली नाही असं मालक म्हणत असला तरी. पुढच्या चाकांचा टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवता येतो, त्यामुळे तो बाहेर असला तर चालेल. पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाक आत-बाहेर कललेलं असण्याचा कोन) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे-पुढे कललेला असण्याचा कोन) बऱ्याच छोट्या गाड्यांत जुळवताच येत नाही, म्हणून डाव्या-उजव्यात मोठा फरक आला तर काहीतरी वाकलेलं आहे. आधी लोअर आर्म आणि नकल (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग) तपासायला सांगा. ते बदलून भागणार असेल तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन ज्यावर बसतं तो खालचा सांगाडा) सरकलेली निघाली तर अ सुद्धा सोडा.