काचेवरची वाळू: लुकलुक आणि मळकट कडा

कणकण:
काचेवर वाळू पसरून, खालून उजेड देऊन दीड मिनिटाची फिल्म करतोय. सेकंदाला १२ चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, म्हणजे एकूण १०८० चित्रं. पाच सेकंदांच्या चाचणीत दोन अडचणी आल्या. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर आहे (आयएसओ १००, एफ/८, शटर १/६० सेकंद), तरी चित्र लुकलुकतं. आणि चेहऱ्याचा पक्षी होतो तिथे कडा राखाडी, मळकट दिसतात. खाली एलईडी पॅनल, वर दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यावरच वाळू. वाळूच ठेवावी की ओल्या रंगाकडे वळावं?

उजेडवाला:
आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. कशालाही हात न लावता रिमोटने २४ फ्रेम काढा आणि लूपमध्ये चालवून बघा. चित्र स्थिर राहिलं तर दोष तुमच्या हालचालीचा: फिकट शर्ट, खिडकी, बाजूचा मॉनिटर. काळे कपडे घाला, खोली अंधारी करा आणि काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून तो लेन्सभोवती लावा.

तरीही लुकलुकत असेल तर मला १/६० चाच संशय जास्त आहे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर स्वस्त पॅनलचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/६० सेकंदात त्याची जेमतेम पावणेदोन आवर्तनं येतात, त्यामुळे कधी शिखर जास्त सापडतं, कधी दरी. शटर १/२ सेकंदावर न्या, ५० आवर्तनांची सरासरी निघेल. त्याने उजेड पाच स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) वाढेल. तो लेन्सवर एनडी ३२ फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी गडद काच) लावून कमी करा. पॅनलच्या डिमरने मुळीच नको, बहुतेक डिमर एलईडी भराभर चालू-बंद करूनच उजेड कमी करतात.

दुसरा दोषी लेन्समधून उजेड आत सोडणारं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर. इलेक्ट्रॉनिक लेन्सची पाती प्रत्येक फोटोला नव्याने एफ/८ वर मिटतात आणि दर वेळी केसभर फरक पडतो. एरवी तो दिसत नाही, पण ओळीने चित्रं चालली की लगेच दिसतो. अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स हा सर्वांत चांगला उपाय. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ठरावीक केल्व्हिनवर, फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझेशन बंद.

बारीकचाळण:
कडांबद्दल. मळकटपणा वाळूचा नाही, वाळूतल्या धुळीचा आहे. पाणी नितळ येईपर्यंत वाळू धुवा, पूर्ण वाळवा, मग बारीक चाळणीतून काढा. ओल राहिली तर गुठळ्या होतात आणि कड करवतीसारखी दिसते.

अ‍ॅक्रिलिकवर थेट काम करू नका. ब्रश फिरला की त्यावर स्थिर वीज साठते, सुटे कण चिकटून बसतात आणि कितीही झटकलं तरी हलत नाहीत. तीच तुमची राखाडी झाक. वर ५ मिमी काच ठेवा आणि सुरू करण्यापूर्वी ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा.

रूपांतरात वाळू उचलू नका, सरकवा. नाकाचा ढीग तसाच पुढे ढकलला की त्याचीच चोच होते; गाल पुसून पंख नव्याने काढला तर डोळ्याला तुकडा पडलेला जाणवतो. एका कणाचा थर तपकिरी दिसतो, थर वाढला की काळा. म्हणून कड पातळ करायची असेल तर कडक ब्रशने आतून बाहेर नाही, बाहेरून आत या. मागे जाता येत नाही, तेव्हा मॉनिटरवर पारदर्शक कागद चिकटवून चोचीच्या टोकाचा मार्ग आधीच ठिपक्यांनी आखून ठेवा.

ओलारंग:
ओला रंग हवाच असेल तर पोस्टर कलरच्या चार भागांत एक भाग ग्लिसरीन घालून सुरुवात करा. कमी पडलं तर कडा वाळून पापुद्रे निघतात, जास्त झालं तर रंग काचेवर आकसून थेंब धरतो. जुन्या आकाराची पुसट खूण राहते, ती कानकाडीने टिपा. पण कोणतं तंत्र घ्यायचं हे गोष्टीवर ठरवा. अ‍ॅनिमेटर कॅरोलाइन लीफ यांनी 'द आउल हू मॅरिड अ गूज' (१९७४) वाळूत केली आणि 'द स्ट्रीट' (१९७६) ओल्या रंगात. ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या वाळूला शोभतात, भरपूर माणसं आणि रंग असतील तर रंगच बरा. मधला मार्ग म्हणजे अ‍ॅनिमेटर इशू पटेल यांचा: 'आफ्टरलाइफ' (१९७८) मध्ये उजेडाच्या काचेवर प्लॅस्टिसिनचा (न वाळणाऱ्या मऊ मातीचा) थर आहे. थर जितका पातळ तितका उजळ, आणि तो वाळत नाही, उडत नाही.

कणकण:
१/२ सेकंद आणि एनडी ३२ लावून पाहिलं, लुकलुक जवळजवळ गेली. उरलेली अ‍ॅपर्चरची असावी. वाळूच ठेवतो. शेवटच्या चार सेकंदांत पक्षी फुटून नुसत्या रेघा उरतात, त्या १६ मिमी फिल्मवर ओरखडून करता येतील का?

बारीकचाळण:
येतील. १६ मिमीला एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे चार सेकंदांना ९६ फ्रेम, अडीच फुटांहून थोडी कमी. रंगीत प्रिंट स्टॉकची (प्रिंट काढायच्या फिल्मची) धुतलेली, म्हणजे डेव्हलप केलेली, काळी फिल्म घ्या. इमल्शनची (रंगाच्या थरांची) बाजू ओळखायला कोपरा ओल्या ओठाला लावा. जी चिकटते ती. सुई हलकी फिरवली तर हिरवी रेघ, थोडी खोल पिवळी, तळापर्यंत गेली की पांढरी, कारण वरून मॅजेंटा (जांभळट गुलाबी), सायन (हिरवट निळा) आणि मग पिवळा असे थर असतात. खाली मिलिमीटरची पट्टी धरा. फ्रेमची उंची अंदाजे ७.६ मिमी आहे, तेव्हा एका फ्रेममधून दुसरीत जाताना रेघ फार सरकू देऊ नका, पडद्यावर तो मोठा धक्का बसतो. ओरखडल्यावर निघालेला भुगा मऊ ब्रशने झाडा, नाहीतर तो स्कॅनरमध्ये जाऊन प्रत्येक फ्रेमवर ठिपके पाडतो.