मराठी माध्यमातून कॉलेजात गेल्यावर इंग्रजीमुळे कुठे अडलं? तुमचे अनुभव सांगा

दहावीपर्यंत मराठी आणि अकरावी सायन्सला एकदम सगळं इंग्रजीत, यातून आपल्यातले कितीतरी जण गेलेत. किती मार्क कमी पडले यापेक्षा नेमकं कुठे अडलं ते लिहा: पुस्तक वाचताना, तोंडीला, की शंका विचारायलाच? कॉलेजांची नावं नकोत.

मेकॅनिकल, लातूरकडचा
गावी विहिरीवरचं डिझेल इंजिन मी वडिलांबरोबर खोलून परत जोडायचो. व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी मिटतो, हे हाताला माहीत होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत राहिलो, तोवर त्यांनी पुढच्याला बोलावलं. 25 पैकी 11. शेजारच्याने पुस्तकातला परिच्छेद घडाघडा म्हटला, त्याला 21. त्याचा राग नाही. पण ती परीक्षा इंजिनाची होती ना?

बीएस्सी नर्सिंग
मार्क बरे पडायचे, पाठांतर होतं. शंका मात्र कधीच विचारली नाही. वर्गात बोललं की मागून हसू यायचं. पोरी हुशार असून गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एमए इतिहास
पेपर मराठीत लिहिता आले. पुढे नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. मी हिंदीतून दिली. विद्यापीठाने मराठीत शिकू द्यायचं आणि प्राध्यापक होण्याच्या दारात मराठी नाही, हे मला आजही पटत नाही.

वकील
एलएलबीचे पेपर मराठीत लिहिले, तालुका कोर्टात मराठीच चालते. पण संविधानाच्या कलम 348 मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्ट, म्हणजे विद्यार्थ्यांनी सरावाला लढवायचा काल्पनिक खटला) स्पर्धाही इंग्रजीत, म्हणून नावच दिलं नाही. तिथेच बोलायचा सराव झाला असता.

इंजिनियरिंगला शिकवते
2021 पासून एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षण परिषदेने, मराठीतूनही इंजिनियरिंगला मान्यता दिली आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर ते नको म्हणतात, कारण कॅम्पसची, म्हणजे कॉलेजात येणाऱ्या कंपन्यांची नोकरीची मुलाखत इंग्रजीत होते. त्यांची भीती खरी आहे. म्हणून मी तोंडीला आधी मराठीत सांगू देते, मग तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लावते. विषय येतो की नाही ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं, आणि मूलही मोकळं होतं.

सेकंड इयर, कॉम्प्युटर
मॅडम, परीक्षक बाहेरचे असतील तर 'मराठीत सांगू का?' असं विचारलेलं चालतं का?

इंजिनियरिंगला शिकवते
जरूर विचार, पण समोर बसताच, अडल्यावर नको. तांत्रिक शब्द इंग्रजीतच ठेव आणि कागद मागून घे. आकृती काढत काढत बोललास की वाक्य अडत नाही.