‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सक्तीच्या लसीकरणावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ (मनाला पटत नाही म्हणून कायद्याची सक्ती नाकारणारा माणूस) सारखा येतो. ‘लसविरोधक’ चालेल का?

उत्तर: नको ताई. लसविरोधकाचा राग लशीवरच असतो, मग ती कुणालाही टोचा. हा माणूस फक्त स्वतःच्या लेकराबद्दल बोलतो. शब्द सैन्यभरतीतला वाटतो, पण आधी तो रुळला लशीमुळे. इंग्लंडात 1853 पासून तान्ह्या मुलांना देवीची लस सक्तीची होती. टाळली तर दंड, दंड थकला तर जप्ती नाही तर तुरुंग. 1885 साली तिथल्या लेस्टर शहरात या सक्तीविरुद्ध भलामोठा मोर्चा निघाला. शेवटी 1898 च्या कायद्याने सूट दिली: लशीने बाळाला अपाय होईल असं आपण खरोखर मानतो, हे पालकाने न्यायाधीशांना पटवून द्यायचं. पहिल्या महायुद्धात हाच शब्द सैन्यात जायला नकार देणाऱ्यांना चिकटला.

‘विवेकी’ही नको वाटतं. आपल्या घटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये ‘सदसद्विवेकबुद्धी’ आहे, म्हणून तो लगेच सुचतो. पण मराठीत विवेकी म्हटलं की तो माणूस बरोबरच ठरला. कायदा तर एवढंच विचारत होता, की हा मनापासून बोलतोय का? कितीतरी न्यायाधीशांचा नेमका इथेच घोळ झाला. पालकाचं म्हणणं त्यांना चूक वाटायचं, म्हणून ते लशीतून सूट देणारा दाखला नाकारायचे. 1907 साली न्यायाधीशांची मनधरणी संपली, प्रतिज्ञेवर केलेलं निवेदन पुरेसं झालं.

मी ‘मनाला स्मरून नकार देणारा’ असं लिहीन. लांब आहे, पण शपथेचा अर्थ त्यात आपसूक येतो. लस आपण टोचतो आणि मनालाही टोचणीच लागते, हे मराठीला आधीपासून ठाऊक आहे. आमची आजी दंडावरचा गोल वण दाखवून ‘माझ्या देवी काढल्यात’ म्हणायची. लस टोचताना तिला कुणी विचारलं नव्हतं. मला स्वतःला लस हवीच वाटते, तरी नकार देणाऱ्याला हिणवणारा शब्द वापरवत नाही.

आणखी एक उत्तर: ‘सक्ती’ही जपून वापरा. 2 मे 2022 ला कोविडच्या लशीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. म्हणजे सक्ती वेगळी, अट वेगळी. कागदावर हे पटतं. पण ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईच्या लोकलला दोन डोसांची अट लागली, तेव्हा डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्याला ती सक्तीच होती. तुमच्या लेखात असा प्रसंग असेल तर ‘अट’ लिहून मोकळ्या होऊ नका.